एका बाटलीतले दहा जण

कोविडवरच्या कोविशील्ड लसीच्या एका बाटलीत दहा डोस असायचे. बाटली उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून आम्हाला तोंडी सूचना होती, दहा माणसं जमल्याशिवाय बाटली उघडू नका. बीड जिल्ह्यात धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात, माझ्या उपकेंद्राच्या गावांमध्ये, २०२१ च्या एप्रिलमध्ये ही दहा माणसं जमवणं हेच खरं काम होतं. सात-आठ जण शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसायचे. नववा येईपर्यंत पहिल्याचं मन बदललेलं असायचं. "सिस्टर, बैलं सोडून आलोच," म्हणून उठलेला माणूस परत यायचा नाही.

मी आरोग्य सेविका आहे. याच गावांतल्या लेकरांना गोवराची, पेंटाची (पाच आजारांवरची एकत्र) लस देत माझी नोकरी चालली आहे. लेकराच्या लसीला नाही म्हणणारं घर क्वचितच. त्याच घरांनी कोविडच्या लसीला दार लावून घेतलं. आमच्या बैठकांमध्ये याचं कारण एका शब्दात सांगितलं जायचं, गैरसमज. मला ते तेव्हाही पटत नव्हतं. अफवा होत्याच. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, मूलबाळ होत नाही, पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर सुई घ्यायची नाही, हे सगळं मोबाइलवर फिरत होतं. पण दारात उभं राहून ऐकलं तर त्याखाली दुसरं काहीतरी असायचं.

आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या गाव सोडतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि फडात एक दिवस पडून राहिलं की खाडा धरला जातो, मजुरी तर जातेच, वर पैसे कापतात. अशा माणसाला "दोन दिवस ताप येईल, घाबरू नका" असं मी सांगायचे, तेव्हा तो घाबरत नव्हता, हिशोब करत होता. बायकांचं आणखी वेगळं. या भागात तिशी-पस्तिशीतल्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या. "कॅन्सर होईल" असं सांगून डॉक्टरांनी काढायला लावल्या. २०१९ मध्ये यावर सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. त्या बाईला मी म्हणायचे, डॉक्टरांवर विश्वास ठेवा. ती काही बोलायची नाही, नुसती बघत राहायची.

त्यात २०२१ च्या ३१ जानेवारीला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात १२ लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली. पण आमच्याकडे कोविडची लस सुरू होऊन तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता, आणि ती बातमी गावोगाव पोचली. "चुकून दुसरंच टोचलं तर?" हा प्रश्न मला एका आजीनं विचारला. मी तिला बाटली हातात दिली, लेबल तिच्या नातीकडून वाचून घेतलं. त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी तसंच करायला लागले. बाटली दाखवायची, तारीख वाचायला लावायची, सिरिंजचं पाकीट त्यांच्यासमोर फाडायचं. अर्धा मिलि भरून आली की ती सिरिंज दंडात रिकामी करायची, दांडा आपोआप अडकतो, पुन्हा वापरताच येत नाही, हेही करून दाखवायचं.

१ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांना लस सुरू झाली. त्याच महिन्यात आमच्या एका गावात मोठ्या मिनतवारीनं दहा जण जमले. त्यांतले एक गृहस्थ पन्नाशीच्या पुढचे, टोळीबरोबर कर्नाटकात जाऊन नुकतेच परतलेले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. ते बसले म्हणून बाकीचे बसले. लस झाली, अर्धा तास बसवलं, सगळे घरी गेले. तिसऱ्या रात्री ते वारले.

पहाटे आशाताईचा फोन आला. मी गावात पोचले तेव्हा अंगणात गर्दी होती. मला कुणी शिवी दिली नाही. कुणी बोलतच नव्हतं. त्यांची मंडळी उंबऱ्यात बसली होती, ती एवढंच म्हणाली, "सुई घेतली नसती तर माझा माणूस आज असता का, एवढं सांग माय."

मला सांगता आलं नाही. मी म्हणाले, "काकू, आज मला माहीत नाही. पण याचा तपास होतो, मी तो करायला लावीन आणि काय निघालं ते तुम्हाला येऊन सांगीन." पुढे सगळं या शब्दाभोवती घडलं, म्हणून इथं नोंदवून ठेवते.

लसीनंतर काही वाईट घडलं की त्याला आमच्या भाषेत एईएफआय म्हणतात. लसीमुळेच घडलं असा त्याचा अर्थ नाही. लसीनंतर घडलं, एवढाच. मृत्यू झाला किंवा माणूस दवाखान्यात भरती झाला तर २४ तासांच्या आत केस रिपोर्टिंग फॉर्म जिल्ह्याला जायला हवा. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी आणि मी तो दुपारपर्यंत भरला. लस कोणती, बॅच नंबर काय, बाटली किती वाजता उघडली, डोस किती वाजता दिला, त्रास कधी सुरू झाला. शवविच्छेदन झालं तर कारण पक्कं सांगता येतं, म्हणून मॅडमनी घरच्यांना हात जोडून विचारलं. ते नको म्हणाले. आम्ही जोर केला नाही.

मग चौकशीचं पथक आलं. जिल्ह्याचे लसीकरण बघणारे अधिकारी, तालुक्याचे डॉक्टर, जागतिक आरोग्य संघटनेचे सर्व्हेलन्सचे डॉक्टर. हे काम मी पूर्वी प्रशिक्षणात ऐकलं होतं, आता पहिल्यांदा त्यातून गेले. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतसाखळीच्या फ्रिजची वही मागितली. त्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये आहे का, हे रोज सकाळ-संध्याकाळ लिहायचं असतं, रविवार असो की पोळा. त्यांनी महिन्याची सगळी पानं बोट फिरवून पाहिली. व्हॅक्सिन कॅरियर कुणी नेला, आइसपॅक कसे ठेवले, सिरिंज कोणत्या खोक्यातल्या, मी दंडाच्या कोणत्या जागी टोचते, सगळं विचारलं. मला उभं करून हातानं जागा दाखवायला लावली. मला त्याचा राग आला नाही. चूक माझ्या हातून झाली असण्याची शक्यताही त्यांनी तपासायलाच हवी होती. आमच्या मॅडमनी तेव्हा मला सांगितलं की हाफकिन या शास्त्रज्ञाच्या प्लेगच्या लसीनंतर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला धनुर्वातानं १९ माणसं गेली होती आणि दोष एका बाटलीत निघाला होता. बाकीच्या बाटल्यांतली लस घेतलेली माणसं धडधाकट होती. अशा तपासात बाटली हा महत्त्वाचा धागा असतो.

आणि म्हणून पथकाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता, त्याच बाटलीतले बाकीचे नऊ जण कुठे आहेत?

आम्ही नऊच्या नऊ घरी गेलो. एका बाईला दोन दिवस ताप येऊन उतरला होता, एकाचा दंड दुखत होता, बाकीच्यांना काही नव्हतं. पण तपासणीपेक्षा तिथं जे घडलं ते मी विसरू शकत नाही. ते नऊही जण भेदरून बसले होते. एकानं तर कुलदैवताला नवस बोलला होता. आपला नंबर कधी, याची वाट बघत होते ते. त्यांना कुणी येऊन विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. पथक गेल्यावरही मी संध्याकाळी चक्कर मारायचे, ताप बघायचे, छातीत दुखतं का, श्वास लागतो का, पायाला सूज आहे का विचारायचे. हळूहळू तेच नऊ जण पारावर बसून सांगायला लागले, "आम्ही बी त्याच बाटलीतले." आमच्या कोणत्याही पोस्टरनं जे केलं नसतं ते या वाक्यानं केलं.

अर्थात यानं सगळं सिद्ध होत नाही, आणि मी लोकांना तसं सांगितलंही. बाटली खराब नव्हती आणि टोचण्यात चूक नव्हती, एवढंच नऊ जणांवरून कळतं. एखाद्याच्याच अंगाला लस सोसली नाही, असंही होऊ शकतं.

ते तपासायला घरच्यांशी बोलून मृत्यूचं कारण शोधतात, व्हर्बल ऑटोप्सी. मी बाजूला बसले होते. डॉक्टर घाई करत नव्हते. आधी काय दुखायचं, काय खायचे, तंबाखू किती, घरात आणखी कुणी असं गेलं का. काकूंना एकेक आठवत गेलं. फडावर उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना ते दोनदा थांबले होते, डावा हात चोळत. मुकादमाला वाटलं आळस करतात. त्या रात्री घामानं बनियन भिजलं, छातीवर कुणी बसलंय असं म्हणाले. मुलानं गाडीवर मध्ये बसवून तालुक्याला खाजगी डॉक्टरकडे नेलं. तिथं ईसीजी काढला, डॉक्टरांनी अटॅक म्हणून मोठ्या दवाखान्याला पाठवलं, वाटेतच गेले. तो ईसीजीचा कागद मुलानं रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवला होता. गुलाबी चौकटींवरच्या रेषा उन्हात फिकट व्हायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी तो जमिनीवर सपाट करून, चार कोपऱ्यांना चार खडे ठेवून फोटो काढला.

कागद वर गेले. जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय समिती. तिथं प्रत्येक घटनेला एक अक्षर मिळतं. ए म्हणजे लसीशी संबंध, त्यातही चार प्रकार: लसीच्या घटकांमुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे, किंवा सुईच्या भीतीनं. बी म्हणजे संबंध आहे की नाही हे ठरवता येत नाही. सी म्हणजे दुसऱ्याच आजारानं, लसीशी फक्त वेळ जुळली. डी म्हणजे माहितीच अपुरी.

मधल्या काळात प्रश्न थांबले नाहीत. कोविशील्डच्या दुसऱ्या डोसाचं अंतर आधी २८ दिवस, मार्चमध्ये ६ ते ८ आठवडे, १३ मेला १२ ते १६ आठवडे. कार्डावर मी लिहिलेली तारीख मलाच खोडावी लागायची. "तुमचंच ठरंना की," असं लोक म्हणायचे, आणि त्यांचं म्हणणं मला रास्त वाटायचं. अंतर वाढवल्यानं लस जास्त चांगली काम करते असं परदेशातल्या अभ्यासात दिसलं, हे कारण होतं. पण त्याच दिवसांत लशीचा तुटवडाही होता आणि लोकांनी दोन्हींची सांगड घातली. मेच्या मध्यावर केंद्र सरकारनं सांगितलं की कोविशील्डनंतर रक्ताच्या गाठींची शक्यता असलेल्या २६ घटना सापडल्या, दहा लाख डोसांमागे ०.६१. जूनमध्ये राष्ट्रीय समितीनं मान्य केलं की मार्चमध्ये लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या एका माणसाचा मृत्यू लसीनंतरच्या तीव्र ॲलर्जीनं, ॲनाफिलॅक्सिसनं झाला.

आमच्यातल्या काहींचं मत होतं की हे गावात बोलू नये. मी बोलले. बायकांच्या बैठकीत सांगितलं की लसीनं माणूस दगावलेला आहे, असं सरकारच्याच समितीनं सांगितलंय. तशी ॲलर्जी बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात येते. म्हणून अर्धा तास बसवते मी, आणि माझ्या पेटीत ॲड्रेनॅलिन असतं, हे बघा. ती काचेची कुपी मी हातोहात फिरवली. गाठींचंही सांगितलं, वीसेक दिवसांत जोराची डोकेदुखी, श्वास लागणं, पाय सुजणं, पोटदुखी, सुईच्या जागेपासून लांब कातडीवर लाल ठिपके, यातलं काही दिसलं तर रात्र असो, मला फोन करा. त्या दिवशी लस घेणाऱ्यांत पिशवी काढलेल्या तीन-चार जणी होत्या. त्यांतली एक म्हणाली, "आधीच्या डॉक्टरनं एवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

निकालाचं काय? पाऊस संपत आला तरी मला काही कळलं नव्हतं. मी मॅडमना विचारायचे, मॅडम वर विचारायच्या. दसऱ्याच्या आसपास वरच्या कार्यालयातून फोनवर उत्तर मिळालं: "सी मध्ये बसलं." कागद? खाली देत नाहीत, म्हणाले. नातेवाइकांना कोण कळवणार? त्याची तरतूद बघावी लागेल, म्हणाले.

टोळी निघायच्या आधी मी काकूंच्या घरी गेले. आंगणात बाजरीचं पीठ, भांडी, गोधड्या बांधून ठेवल्या होत्या. मी सांगितलं, समितीनं सगळे कागद पाहिले, ईसीजी पाहिला, मृत्यू हृदयविकारानं झाला असं त्यांचं मत आहे. शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे त्यांना कागदांवरूनच ठरवावं लागलं, हेही सांगितलं. काकू बराच वेळ बसल्या. मग विचारलं, "फळीवर थांबले होते ते तवाच नेलं असतं तर?" याचं उत्तर लसीच्या कोणत्याच फॉर्ममध्ये नव्हतं. मुलगा मात्र म्हणाला, "ताई, हे सांगायला सहा महिने लागले? आम्हाला गावानं काय काय विचारलं." काकूंनी जायच्या आधी डोस घेतला. मुलानं त्या वर्षी घेतला नाही. त्यांच्या धाकट्या दिरानं आजपर्यंत घेतलेला नाही आणि मी त्यांच्या मागे लागले नाही.

नोव्हेंबरमध्ये घरोघर जाऊन लस देण्याचं 'हर घर दस्तक' अभियान आलं आणि त्याच महिन्यात शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेणाऱ्याला रेशन, गॅस, पेट्रोल मिळणार नाही असे आदेश निघाले. आकडे वाढले, हे खरं. तिकडच्या माझ्या मैत्रिणी सांगायच्या की केंद्रांवर गर्दी झाली. साथ सुरू असताना घाई का वाटते ते मला कळतं, दुसऱ्या लाटेत याच डोंगरातून किती माणसं गेली ते मी पाहिलंय आणि लसीनं किती जीव वाचवले याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रेशनच्या धाकानं दंड पुढे करणारा माणूस पुढच्या साथीत माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, हे मला तेवढंच खात्रीनं वाटतं. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येत नाही. बातम्यांत तेवढंच आलं. त्याच निकालात लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना खुली करा आणि सामान्य माणसाला, खाजगी डॉक्टरलाही तशी घटना नोंदवता येईल अशी सोय करा, असंही म्हटलं होतं. माझ्या दृष्टीनं मोठा भाग तो होता.

२०२४ च्या एप्रिलअखेर ॲस्ट्राझेनेकाची बातमी आली. कंपनीनं ब्रिटनच्या न्यायालयात कबूल केलं होतं की तिच्या लसीनं फार क्वचित गाठी होऊन प्लेटलेट कमी होण्याचा आजार होऊ शकतो. कोविशील्ड म्हणजे तीच लस, पुण्याच्या सीरमनं बनवलेली. माझा फोन दिवसभर वाजत होता. २०२१ मध्येच मी हे सांगितलं होतं, म्हणून माझ्या गावांत लोक घाबरले तरी चिडले नाहीत. त्यांना फक्त परत समजून घ्यायचं होतं, की तो आजार लसीनंतर पहिल्या काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही.

काकूंचा मुलगा मात्र फोन न करता उपकेंद्रावर आला. हातात मोबाइल, त्यावर बातमी. मी त्याला समजावलं, त्या आजारात त्रास साधारण चार-पाच दिवसांनंतर सुरू होतो, वडिलांचं दुखणं फडावरच सुरू झालेलं होतं, ईसीजीत हृदयाचाच दोष दिसत होता. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्यावर विश्वास आहे, ताई. पण तुमची बदली झाली तर? मला कागद पाहिजे."

आम्ही दोघांनी तिथंच अर्ज लिहिला. समितीचा निर्णय मराठीत, कारणांसह, सही-शिक्क्यानिशी मिळावा, एवढीच मागणी. वडिलांच्या लसीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली, ईसीजीची जोडली. अर्ज तालुक्याला दिला, आवक क्रमांक घेतला, एक प्रत जिल्ह्याला पोस्टानं पाठवली. उत्तर आलेलं नाही. स्मरणपत्र दिलं आहे. दर मासिक सभेत मी तो क्रमांक वाचून दाखवते आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावते.